अफगाण विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामाचा उपयोग झाला का?

एका निवृत्त प्राचार्यांनी विचारले आहे की, अफगाणिस्तानात वीस वर्षे जगभरातील देशांनी शाळा बांधल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, सांस्कृतिक केंद्रे उघडली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काही दिवसांत तिथली व्यवस्था कोसळली. मग युद्धाने पोळलेल्या देशांसाठी असे काम करण्यात अर्थ आहे का? त्यांच्या संस्थेसमोर अशा देशांतील विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यावर काय निर्णय घ्यावा, असाही त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली एकवीस वर्षे पुण्यातील एका महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांचा कक्ष सांभाळते. या काळात आमच्याकडे सर्वाधिक विद्यार्थी अफगाणिस्तानातून आले, त्यामुळे मी त्याच देशाबद्दल बोलेन. माझे उत्तर आधीच सांगते. या कामाला अर्थ आहे, पण ते ज्या कारणासाठी केले जाते असे बहुधा सांगितले जाते, त्या कारणाने नाही. दुसऱ्या देशाचे राजकारण आपल्याला हवे तसे वळावे किंवा तिथल्या लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे, एवढ्यासाठी शिक्षण देऊ केले तर ते बहुतेक वेळा फसते. एखाद्या माणसाला कुठेही गेला तरी कामी येईल असे काही शिकवले, त्याचा कोणीही मान्य करील असा लेखी पुरावा त्याच्या हाती दिला आणि परिस्थिती बिघडल्यावर त्याला वाऱ्यावर सोडले नाही, तर ते काम टिकते.

शिक्षणाचा युद्धग्रस्त समाजावर परिणाम होतो की नाही, अशी शंका ज्यांना वाटते त्यांनी आधी एक जुने उदाहरण पाहावे. १९८४ ते १९९४ या काळात यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेने नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा येथील अफगाणिस्तान अभ्यास केंद्राला सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर दिले आणि त्यातून पश्तो व दरी भाषांतील शालेय पुस्तके तयार झाली. पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावण्यांत आणि सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांच्या ताब्यातील भागांत ती वाटली गेली. त्या पुस्तकांत मुलांना अंक शिकवण्यासाठी बंदुका, काडतुसे आणि मारलेले सैनिक मोजायला दिलेले होते. सोव्हिएत फौजा १९८९ मध्ये परत गेल्या, पण पुस्तके वर्गातच राहिली. तालिबानच्या पहिल्या राजवटीतही त्यांतील माणसांची चित्रे काढून टाकून ती वापरली गेली. माझ्याकडे २००७ च्या सुमारास आलेला एक विद्यार्थी पेशावरजवळच्या छावणीत याच पुस्तकांवर शिकला होता. आपल्या पुस्तकात वजाबाकीसाठी टोपलीतले आंबे कमी होतात, त्याच्या पुस्तकात माणसे कमी होत असत. तो स्वतः अतिशय मवाळ स्वभावाचा होता, पण त्याने मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही: ही उदाहरणे चुकीची आहेत हे त्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. बाहेरून आलेल्या शिक्षणाचा परिणाम होतो, तो खोल असतो आणि पैसे देणाऱ्याचा हेतू संपल्यानंतरही उरतो. म्हणूनच आपण काय देतो याची जबाबदारी फार मोठी आहे.

चांगल्या परिणामाचा मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा पुरावा घोर या मध्य अफगाणिस्तानातील दुर्गम, डोंगराळ प्रांतातून येतो. डाना बर्ड आणि ली लिंडेन या दोन संशोधकांनी २००७ मध्ये तिथल्या ३१ गावांत एक साधा प्रयोग केला. काही गावांना गावातच एक वर्ग मिळाला. बाकीच्या गावांना तो एक वर्ष उशिरा मिळणार होता. वर्ग म्हणजे कोणाच्या घरातली किंवा मशिदीतली एक खोली, गावातलाच लिहिता-वाचता येणारा शिक्षक आणि सरकारची पाठ्यपुस्तके. ज्या गावांत वर्ग सुरू झाले तिथे शंभर मुलींमागे आणखी सुमारे ५२ आणि शंभर मुलग्यांमागे आणखी सुमारे ३५ जण शिकू लागले. मुलगे आणि मुली यांच्यातील हजेरीची तफावत जवळजवळ मिटली आणि परीक्षेतील गुणांची तफावतही कमी झाली. शाळा जसजशी दूर जाते तशा आधी मुली गळतात, हे त्या अभ्यासाने आकड्यांत दाखवले. महाराष्ट्रात वाडी-वस्तीवरच्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. मुलींना शिकवणे गावाला मान्य नाही, असे जे सरसकट सांगितले जात होते ते त्या गावांपुरते तरी खोटे ठरले. आईबापांची अडचण रस्त्याची होती आणि मुलीला एकटीने इतके चालत कसे पाठवायचे, ही होती.

याउलट मोठ्या आकड्यांच्या कामांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. यूएसएडने २०१४ मध्ये अफगाण स्त्रियांसाठी 'प्रमोट' नावाचा कार्यक्रम जाहीर केला. ७५,००० स्त्रियांना नेतृत्वासाठी तयार करायचे असे उद्दिष्ट होते आणि इतर देशांचा अपेक्षित वाटा धरून खर्चाचा आकडा २८ कोटी डॉलरपर्यंत जात होता. अफगाणिस्तानातील पुनर्बांधणीच्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये या कार्यक्रमाची तपासणी केली तेव्हा, प्रशिक्षण किती जणींनी घेतले हे सांगता येत होते, पण त्यातून किती जणींच्या आयुष्यात फरक पडला हे दाखवता येत नव्हते. शाळांच्या पटसंख्येबाबतही हेच दिसते. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००१ मध्ये सुमारे १० लाख असलेले विद्यार्थी २०१८ पर्यंत सुमारे १ कोटी झाले आणि त्यातली वाढ बहुतांशी खरीच होती. पण तीन-तीन वर्षे शाळेत न आलेली मुलेही हजेरीपटावर धरली जात होती आणि काही शाळा तर फक्त कागदावरच होत्या. संख्या वाढवून दाखवण्यात सगळ्यांचाच फायदा असेल तर खरी संख्या कोणालाच नको असते, हे मी माझ्या छोट्याशा कक्षातही पाहिले आहे. वर्षाअखेरीस अहवाल मागवतात तेव्हा किती परदेशी विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला हा पहिला रकाना असतो. किती जण पदवी घेऊन गेले हा रकाना मी स्वतः मागणी करून तीन वर्षांनी घालून घेतला.

भारताने अफगाणिस्तानात केलेले शैक्षणिक काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. काबूलमधील हबीबिया शाळा अमीर हबीबुल्ला खान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केली आणि तिच्या सुरुवातीच्या शिक्षकांत हिंदुस्थानातून गेलेले शिक्षक होते. यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेली ही शाळा भारताने पुन्हा उभी केली आणि ऑगस्ट २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या काबूलभेटीत ती हस्तांतरित झाली. कंदाहारमध्ये २०१४ साली भारताच्या मदतीने कृषी विद्यापीठ सुरू झाले. शाळकरी मुलांना रोज प्रथिनयुक्त बिस्किटांचा १०० ग्रॅमचा पुडा देण्याचा कार्यक्रम कित्येक वर्षे चालला. कार्यालयांतल्या चर्चेत त्याचे नाव फारसे निघत नाही, पण माझ्या अनेक विद्यार्थ्यांना भारताची पहिली ओळख त्या पुड्यामुळे झाली होती. आणि शिष्यवृत्त्या. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत अफगाण विद्यार्थ्यांसाठी वर्षाला १,००० जागा होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये जिनिव्हातील परिषदेत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी, ६५,००० हून अधिक अफगाण विद्यार्थी भारतात शिकून गेल्याचे सांगितले. दिल्लीबरोबर पुणे हे त्यांचे मोठे केंद्र राहिले. स्वखर्चाने येणाऱ्यांचीही संख्या मोठी होती, कारण इथे राहणे त्यांना परवडत होते.

पण शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि विद्यार्थी शिकून पदवीधर होणे यांच्यात खूप मोठे अंतर असते आणि ते ज्या कामाने कापले जाते त्याला कोणी सांस्कृतिक किंवा शैक्षणिक काम म्हणत नाही. उदाहरण म्हणून 'तझकिरा' घ्या. तझकिरा म्हणजे अफगाण नागरिकाचे ओळखपत्र. जुन्या कागदी तझकिऱ्यावर बऱ्याचदा जन्मतारीख नसते. अमुक हिजरी सौर वर्षी चेहऱ्यावरून वय इतके वाटले, असे लिहिलेले असते. पासपोर्ट काढताना त्यावरून एक तारीख ठरवली जाते आणि ती अनेकदा १ जानेवारी असते. एका वर्षी माझ्यासमोरच्या सव्वीस अर्जांपैकी अकरा जणांचा वाढदिवस १ जानेवारी होता. आडनावाचाही तोच प्रकार. अनेक कुटुंबांत आडनाव लावण्याची पद्धत नसते; तझकिऱ्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव असते. पासपोर्टसाठी घेतलेले आडनाव बारावीच्या 'शहादतनाम्या'वर, म्हणजे शाळा सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नसते. आपल्या विद्यापीठाचा अर्ज आडनावापासून सुरू होतो. मग तीन कागदांवर तीन नावांचा एक माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहतो आणि तो एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, दूतावासाचे पत्र, समकक्षता प्रमाणपत्र, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातील नोंद, घरमालकाशी केलेला भाडेकरार आणि महाविद्यालयाचे बोनाफाईड असे कागद जमवावे लागतात. यातला एक जरी अडला तरी निवास परवान्याची मुदत सरते. मुले हुशार असूनही केवळ कागदांमुळे एक-एक वर्ष मागे पडलेली मी पाहिली आहेत. २०१६ मध्ये आमच्याच कार्यालयात एका मुलीच्या नावातले एक अक्षर पदवी प्रमाणपत्रावर चुकले. ते दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले आणि तेवढ्यात हेरातमध्ये तिला मिळालेली शिक्षिकेची नोकरी गेली. ती चूक आमची होती. आम्ही त्या मुलीचे जे नुकसान केले ते कोणत्याही सांस्कृतिक कार्यक्रमाने भरून निघणारे नव्हते.

भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम तिथे होते. येणाऱ्या बहुतेक मुलांना हिंदी समजते. चित्रपट तर आहेतच, पण २००५ नंतरच्या काही वर्षांत दरी भाषेत रूपांतर करून दाखवलेल्या हिंदी कौटुंबिक मालिका काबूलमध्ये घरोघरी पाहिल्या जात. इंग्रजी मात्र कच्ची असते आणि व्याख्याने, पाठ्यपुस्तके, परीक्षा इंग्रजीत असतात. त्यामुळे पहिल्या सत्रात निम्मी मुले नापास होत. विषय येत असूनही उत्तर लिहिता येत नव्हते आणि एटीकेटी घेऊन पुढे गेलेला मुलगा शेवटच्या वर्षापर्यंत त्या ओझ्याखाली राही. आम्ही २०११ पासून प्रवेशाआधी तीन महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला आणि त्यातच आठवड्यातून दोन तास मराठी ठेवली. मराठी कशाला, असे मला सहकाऱ्यांनी विचारले होते. त्याचे कारण असे की मुले राहतात ती कोंढव्यात, वानवडीत, औंधात, आणि तिथे रोजचा व्यवहार रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी, घरमालकीणबाईंशी असतो.

त्या वर्गात पहिल्याच दिवशी मी फळ्यावर शब्द लिहिते: दरवाजा, बाजार, जमीन, कागद, दुकान, शहर, हजर, गैरहजर, शिफारस, सफेद. मुले ते मोठ्याने वाचतात आणि एकमेकांकडे पाहू लागतात, कारण दरी हे फारसीचेच एक रूप असल्याने हे त्यांचेच शब्द असतात. फारसीतून मराठीत आलेले हे शब्द आपण इतके आपले करून टाकले आहेत की आपल्याला त्यांचे मूळ आठवत नाही. त्यांना मात्र परक्या शहरात अचानक ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते. उलट दिशेने गेलेलेही शब्द आहेत. दरीत खुर्चीला 'चौकी' म्हणतात, जो आपल्या बाजूचा शब्द आहे. काही शब्द फसवेही असतात. दरीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. घरमालकीणबाई अनामत रक्कम 'हप्त्याने दिली तरी चालेल' असे सवलत म्हणून म्हणाल्या, तेव्हा एका मुलाला वाटले की भाडे दर आठवड्याला मागतात, आणि तो ते घर सोडून निघाला होता. असे शब्द मी एका वहीत लिहून ठेवत आले. आज त्यात चारशेच्या वर नोंदी आहेत. वर्ग सुरू झाल्यानंतर पहिल्या सत्रात नापास होणाऱ्यांचे प्रमाण आमच्याकडे लक्षणीय घटले. याचे श्रेय मुख्यतः इंग्रजीला आहे, हे मी मान्य करते. पण मुले दुसऱ्या वर्षी घर न बदलता त्याच घरी राहू लागली, हे मराठीमुळे झाले असे मला खात्रीने वाटते.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन येते. आम्हीही ते करतो. अत्तन नृत्य होते, काबुली पुलाव होतो, छायाचित्रे निघतात. मात्र माझ्या आठवणीत राहिलेला प्रसंग शनिवारवाड्यातला आहे. मार्गदर्शकाने पानिपताची हकिकत सांगितली आणि शेवटी अब्दालीचे नाव घेतले. एक मुलगा हळूच म्हणाला की त्यांच्याकडे त्यांना अहमद शाह बाबा म्हणतात, देशाचे संस्थापक म्हणून, आणि कंदाहारमध्ये त्यांची कबर आहे. बरोबर आलेले आमचे मराठी विद्यार्थी गप्प झाले. मी तो विषय टाळू शकले असते. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात आम्ही दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवले आणि १४ जानेवारी १७६१ बद्दल आपापल्या शाळेत काय शिकलो ते सांगायला लावले. मराठी मुलांनी सांगितले की आमच्याकडे एखाद्याचा पुरता धुव्वा उडाला तर 'पानिपत झाले' असे अजूनही म्हणतात. त्या अफगाण मुलाने सांगितले की त्याच्या पुस्तकात तो विजय एका परिच्छेदात होता आणि समोरच्या बाजूने किती माणसे गेली, घरोघरी काय झाले, याचा त्यात उल्लेख नव्हता. दरी भाषेत 'तारीख' या शब्दाचा अर्थ इतिहास असाही होतो, हेही त्या दिवशी कळले. त्या दुपारी कोणाचे मत बदलले असेल असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ती मुले एकत्र अभ्यासाला बसू लागली. अवघड विषय बाजूला ठेवून केलेली मैत्री पहिल्या वादात तुटते, असा माझा अनुभव आहे.

कलेच्या क्षेत्रातील मोठे उदाहरण काबूलमधील राष्ट्रीय संगीत संस्थेचे आहे. अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये ती सुरू केली. अनाथ आणि रस्त्यावर वस्तू विकणारी मुले तिथे शिकत. अफगाण आणि पाश्चात्त्य वाद्यांबरोबर सतार, सरोद, तबलाही शिकवला जाई. ११ डिसेंबर २०१४ रोजी काबूलमधील फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात या संस्थेचे विद्यार्थी भाग घेत असलेल्या प्रयोगात आत्मघातकी स्फोट झाला आणि सरमस्त स्वतः गंभीर जखमी झाले. तरी संस्था चालू राहिली. २०२१ नंतर तिथले विद्यार्थी, शिक्षक आणि काही कुटुंबीय मिळून २७३ जण पोर्तुगालमध्ये गेले आणि संस्था तिथे पुन्हा सुरू झाली. काबूलमधील इमारत गेली, तरी वाजवण्याची कला त्या मुलांबरोबर गेली. त्याचबरोबर हेही खरे की ज्या शहरात ते संगीत ऐकू यायला हवे होते तिथे आज ते ऐकू येत नाही, आणि हे नुकसान लहान मानणे मला जमत नाही.

आता ऑगस्ट २०२१ कडे येते, कारण माझ्या मते अशा सर्व कामाची खरी परीक्षा तिथे झाली. करोनामुळे २०२० मध्ये वसतिगृहे बंद झाली तेव्हा आमची बरीच मुले घरी गेली होती आणि ऑनलाइन शिकत होती. काबूल पडल्यानंतर दहा दिवसांनी, २५ ऑगस्टला, भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना आधी दिलेले सर्व व्हिसा रद्द झाल्याचे जाहीर झाले. सुरक्षेची कारणे मला समजतात. पण माझ्या यादीतली एकोणीस मुले त्या दिवशी अर्धवट पदवीसह अडकली. इथे असलेल्यांचे घरून येणारे पैसे थांबले, कारण तिथल्या बँका बंद होत्या. आमच्या शिक्षकांनी वर्गणी काढली, दोन घरमालकांनी भाडे माफ केले, एका मेसवाल्या काकूंनी पाच महिने पैसे घेतले नाहीत. अडकलेल्या मुलांसाठी मात्र आम्हाला प्रत्यक्ष परीक्षेचा नियम आड आला. एकोणीसपैकी सात जणांची पदवी अखेर पूर्ण झाली, बाराची नाही. त्या बारा जणांची नावे मला पाठ आहेत.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट शिकले. आमच्या संकेतस्थळावर दहा वर्षांच्या कार्यक्रमांची छायाचित्रे नावांसह होती. एका माजी विद्यार्थिनीचा रात्री दोन वाजता निरोप आला: मॅडम, माझा फोटो काढा. मी तोपर्यंत त्या छायाचित्रांकडे आमच्या कामाचा पुरावा म्हणून पाहत होते. तिच्यासाठी तो घरी शोध घ्यायला येणाऱ्यांच्या हाती पडू शकणारा कागद होता. काबूलमधील मुलींच्या निवासी शाळेच्या संस्थापक शबाना बसीज-रासिख यांनी त्या दिवसांत आपल्या विद्यार्थिनींच्या नोंदी स्वतः जाळून टाकल्या आणि नंतर शाळा रवांडात नेली. शिक्षण देणाऱ्याला नोंदी जाळाव्या लागतात, हे वाचून मी बराच वेळ काही करू शकले नव्हते. ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या पुनर्वसन योजनेत ब्रिटिश कौन्सिलसाठी कंत्राटावर काम केलेल्या अफगाण शिक्षकांचा आणि ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीधारकांचा समावेश केला. परदेशी संस्थेसाठी शिकवणे किंवा परदेशी शिष्यवृत्ती घेणे, यामुळेच माणूस धोक्यात येऊ शकतो, याची ती उघड कबुली होती. आपण एखाद्याला हात देतो तेव्हा त्याच्यावर खूणही उमटवतो, हे प्रवेशपत्र देतानाच लक्षात घ्यायला हवे.

शिकून गेलेले विद्यार्थी पुढे आपल्या देशाचे मित्र होतात का, असाही उपप्रश्न आहे. हमीद करझाई सिमल्याला हिमाचल प्रदेश विद्यापीठात शिकले आणि पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झाले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण तालिबानचे उपपरराष्ट्रमंत्री झालेले शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई यांनीही १९८० च्या दशकात डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षण घेतले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईतील वाणिज्य दूतावासासाठी ज्यांची नेमणूक केली ते इक्रामुद्दीन कामिल यांनी दिल्लीच्या दक्षिण आशियाई विद्यापीठात शिक्षण घेतले होते. म्हणजे शिक्षण घेतलेला माणूस कोणत्या बाजूला जाईल हे आपल्या हाती नसते. मात्र याच स्तानिकझाई यांनी जानेवारी २०२५ मध्ये खोस्त येथे जाहीर भाषणात, मुलींच्या शिक्षणावरील बंदीला काहीही आधार नाही असे सांगितले आणि त्यानंतर ते देशाबाहेर गेल्याच्या बातम्या आल्या. त्याचे श्रेय डेहराडूनला देण्याइतकी मी भोळी नाही. मी एवढेच म्हणेन की मित्र मिळवण्याच्या हिशेबाने विद्यार्थी निवडू नयेत, कारण तो हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो.

आज हे काम सर्वाधिक गरजेचे आहे ते मुलींसाठी. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि काही तासांत बंद झाल्या. २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठांची दारेही बंद झाली. युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून वंचित असल्याचे सांगितले. भारताने २०२३ पासून अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन शिष्यवृत्त्या सुरू केल्या. लाभार्थ्यांत सुमारे ६०० मुली आणि स्त्रिया असल्याचे संयुक्त राष्ट्रांत सांगण्यात आले. मी अशा वर्गांना शिकवते. कॅमेरा बंद असतो, वीज दिवसातून काही तास असते, एका फोनवर दोन बहिणी बसतात आणि त्यांतील एकीचेच नाव पटावर असते. व्याख्यान ध्वनिमुद्रित करून कमी आकाराच्या फाइलमध्ये पाठवले तर त्या रात्री ते ऐकतात. उत्तरपत्रिका हाताने लिहून छायाचित्र पाठवतात. एकदा एका पानाच्या कडेला कणकेचे बोट उमटलेले होते. हे वर्ग प्रत्यक्ष महाविद्यालयाची जागा घेऊ शकत नाहीत, पण पदवी मान्य होणारी असेल तर त्या मुलीच्या हाती उद्या दाखवता येईल असा कागद येतो, आणि नियम कधी बदलले तर तिला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

प्राचार्यांना माझा सल्ला असा आहे की जागा जरूर राखाव्यात, पण वीस ठेवण्याऐवजी सहा ठेवाव्यात आणि त्या सहा जणांची पूर्ण पाच वर्षांची तरतूद पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवावी, म्हणजे मध्येच सरकार बदलले, सीमा बंद झाली किंवा घरून येणारे पैसे थांबले तरी शिक्षण थांबणार नाही. ऑनलाइन परीक्षेची सोय आपत्ती येण्याआधी विद्यापीठाकडून लेखी मंजूर करून घ्यावी. आम्ही ती नंतर मागितली आणि बारा मुलांनी त्याची किंमत मोजली. छायाचित्रे आणि नावे विद्यार्थ्याची लेखी संमती असली तरी प्रसिद्ध करू नयेत, कारण संमती देताना पुढे काय होणार हे त्यालाही माहीत नसते. शिष्यवृत्तीच्या आधीचा पहिला खर्च एका पूर्णवेळ कारकुनावर करावा, ज्याला नोंदणी कार्यालय, समकक्षता आणि निवास परवाना यांचे नियम तोंडपाठ असतील आणि जो नावाच्या स्पेलिंगचे प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहील. अर्ज मागवण्याची तारीख ठरली की कळवावे. आमच्याकडची कागदपत्रांची यादी आणि दरी-मराठी शब्दांच्या त्या वहीची प्रत मी पाठवीन.